नदीपलीकडची चाकरी

नकाशा पाहण्याची सवय असलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे कॅनडा येतो तो अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या माथ्यावर पसरलेला देश म्हणून. परंतु डेट्रॉइट नदीपाशी भूगोलाने एक गंमत करून ठेवली आहे. तेथे नदी असे काही वळण घेते की कॅनडातील विंझर हे शहर अमेरिकेतील डेट्रॉइटच्या दक्षिणेस येते. मध्ये अर्ध्या मैलाचे पाणी. विंझरच्या काठावर उभे राहिले म्हणजे पलीकडच्या उंच इमारतींच्या खिडक्या मोजता येतील असे वाटते. १९२९ च्या नोव्हेंबरात या नदीवर अँबॅसडर पूल खुला झाला आणि पुढच्याच वर्षी नदीच्या तळाखालून बोगदा निघाला. विंझरमध्ये राहणाऱ्या कित्येक परिचारिका या वाटांनी डेट्रॉइटच्या रुग्णालयांत कामावर जातात आणि पाळी संपली की आपल्या घरी, आपल्या देशात परततात. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे दोन्ही सरकारांनी ही सरहद्द अनावश्यक प्रवासाला बंद केली. पण या परिचारिकांची ये-जा तेव्हाही चालूच राहिली.

घर एका राष्ट्रात आणि चाकरी दुसऱ्या राष्ट्रात, ही गोष्ट त्या काठावर तरी कुणाला नवलाची वाटत नाही. मात्र ती आपोआप घडत नाही. त्या परिचारिकेजवळ एक कागद असतो, आणि त्या कागदाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. एके काळी या वाटेवर कागदच नव्हता. मग जो कागद हाती असल्यास माणूस परत पाठवला जाई, तोच पुढे नसल्यास परत पाठवला जाऊ लागला. हे उलटे चक्र कसे फिरले, हे पाहण्यासारखे आहे.

या दोन देशांमधील सीमारेषा बरीचशी तहांनी आखलेली आहे. १७८३ च्या पॅरिसच्या तहाने पूर्वेकडील रेषा ठरली, १८१८ मध्ये एकोणपन्नासावे अक्षवृत्त रॉकी पर्वतापर्यंत मान्य झाले आणि १८४६ मध्ये ते पुढे पश्चिमेच्या समुद्राकडे नेण्यात आले. याच्या आधी, १७९४ मध्ये, ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात जो तह झाला त्याला जे या मुत्सद्द्याच्या नावावरून ‘जे तह’ म्हणतात. त्याच्या तिसऱ्या कलमात दोन्हीकडच्या प्रजाजनांना आणि सीमेच्या दोन्ही बाजूंस राहणाऱ्या मूळ रहिवाशांना जमिनीवरून आणि पाण्यावरून मोकळेपणाने जाण्यायेण्याचा हक्क दिलेला होता. हे कलम ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण सव्वाशे वर्षांनंतर त्याची घडी पुन्हा उलगडली गेली, आणि तीही न्यायालयात.

एकोणिसाव्या शतकात मात्र तहाचे कलम कुणी उघडून पाहिले नाही. त्याची गरजच नव्हती. क्वेबेकमधील शेतकऱ्याच्या घरी दहा-बारा मुले असत, वडिलार्जित जमिनीचे तुकडे पडत, हिवाळा सहा महिने ठाण मांडून बसे. दक्षिणेकडे न्यू इंग्लंडमध्ये लॉवेल, मँचेस्टर, फॉल रिव्हर, लुइस्टन, वूनसॉकेट या गावांतून कापडाच्या गिरण्या उभ्या राहत होत्या आणि त्यांना हात हवे होते. आगगाडी झाल्यावर तर हा प्रवास एका दिवसाचा उरला. १८४० ते १९३० या नव्वद वर्षांत सुमारे नऊ लक्ष फ्रेंच कॅनेडियन माणसे अशी दक्षिणेस गेली. त्या काळच्या क्वेबेकची लोकसंख्या ध्यानी घेतली म्हणजे हा आकडा किती मोठा होता ते कळते. घरेच्या घरे उठून गेली. बाप कापूस पिंजणीवर, मुली मागावर, धाकटी पोरे बाबिणी उचलण्यावर, असे सगळे कुटुंब एकाच भोंग्यावर कामाला जाई. गिरण्यांच्या आसपास त्यांनी आपली देवळे, आपल्या शाळा, आपली फ्रेंच वर्तमानपत्रे उभी केली आणि त्या वस्त्यांना ‘छोटे कॅनडा’ हेच नाव पडले. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला जॅक केरुअॅक १९२२ मध्ये लॉवेलच्या अशाच घरात जन्मला, आणि त्याची पहिली भाषा इंग्रजी नव्हती.

क्वेबेकच्या धुरीणांना ही गळती बोचत होती. लाबेल नावाच्या एका धिप्पाड पाद्र्याने उत्तरेकडील डोंगराळ जंगलात नवी खेडी वसवण्याचा ध्यास घेतला आणि १८८८ मध्ये प्रांताच्या सरकारने त्याला या वसाहतखात्याचे दुय्यम मंत्रिपदही दिले. लोक थोडे गेले, बहुतेक गेले नाहीत. जंगल तोडून खडकाळ जमीन कसण्यापेक्षा शनिवारी हातात पडणारा पगार माणसाला जवळचा वाटला, यात दोष कुणाला द्यावा?

आणि पलीकडे त्यांचे स्वागत कसे झाले? १८८१ मध्ये मॅसॅच्युसेट्स संस्थानाच्या श्रमसांख्यिकी कार्यालयाच्या अहवालात या लोकांना ‘पूर्वेकडील संस्थानांतील चिनी’ असे म्हटले गेले. ही उपमा त्या काळी साधी नव्हती. चिनी मजुरांना देशबंदी करण्याची चळवळ तेव्हा पेटलेली होती आणि पुढच्याच वर्षी तसा कायदा झाला. फ्रेंच कॅनेडियनांचे पुढारी संतापून बॉस्टनला आले, त्यांनी आपली बाजू मांडली आणि १८८२ च्या अहवालात त्या सुनावणीचा वृत्तान्त छापणे कार्यालयाला भाग पडले. आरोप मुख्यतः हा होता की ही माणसे येथे राहण्यासाठी येत नाहीत, कमावून परत जाण्यासाठी येतात. मजुरावरचा हा आळ पुढे कायद्यांच्या भाषेत पुन्हा पुन्हा उतरला.

१८८५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या काँग्रेसने कंत्राटी परदेशी मजुरांविरुद्धचा कायदा संमत केला. कारखानदार बाहेरच्या देशांतून मजूर करारबद्ध करून आणतात व संप मोडतात, अशी कामगार संघटनांची तक्रार होती. कायद्याचे सार असे की, ज्या परकीयाने येण्यापूर्वीच एखाद्या मालकाशी कामाचा करार केला असेल त्याला आत घेऊ नये. नट, गायक, व्याख्याते, घरगुती नोकर आणि नव्या उद्योगासाठी लागणारे कुशल कारागीर एवढे वगळले होते. परिणाम विचित्र झाला. नाक्यावर आलेल्या माणसाने ‘मला काम मिळालेले आहे’ असे प्रामाणिकपणे सांगितले तर तो परत जाई. ‘शोधीन कुठेतरी’ म्हणणाऱ्याला वाट मोकळी. खरे बोलण्याला दंड ठेवणारे कायदे इतिहासात थोडे नाहीत, पण इतका उघड क्वचित असेल.

कॅनडाच्या सीमेवर हा कायदा आरंभी फारसा राबवला गेला नाही, पण डेट्रॉइट आणि बफेलो यांसारख्या गावांतून कुरकुर वाढत गेली. सकाळी येऊन सायंकाळी परत जाणाऱ्या कॅनेडियन कामगाराला तेथे ‘पाहुणा पक्षी’ म्हणत. डेट्रॉइटचे प्रतिनिधी कॉर्लिस यांनी एका आप्रवासन विधेयकाला अशी दुरुस्ती जोडली की परदेशात घर ठेवून अमेरिकेत मजुरी करण्यास बंदीच व्हावी. दोन्ही सभागृहांनी ते विधेयक मान्य केले. अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी मार्च १८९७ मध्ये, पद सोडण्यास दोनच दिवस उरले असताना, ते नाकारले. शेजारी देशाशी असलेल्या दळणवळणावर असा घाव घालणे त्यांना पटले नव्हते. त्याच वर्षी कॅनडाच्या संसदेने जशास तसे म्हणून आपलाही परदेशी मजूर कायदा केला. दोन्हीकडे कायदा आणि दोन्हीकडे तो पाळण्याचा कंटाळा, अशा स्थितीत आणखी पाव शतक गेले.

खरा बदल पहिल्या महायुद्धानंतर आला. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने प्रत्येक देशाला वार्षिक कोटा ठरवून दिला. गंमत अशी की कॅनडात जन्मलेल्यांना हा कोटा लागू नव्हता. पश्चिम गोलार्धातील स्वतंत्र देशांत जन्मलेल्या सर्वांनाच ती सवलत होती. म्हणजे टोरांटोत जन्मलेला माणूस व्हिसा काढून हवा तेव्हा जाऊ शके. पण स्कॉटलंडमध्ये किंवा इटलीत जन्मून कॅनडात स्थायिक झालेला माणूस स्कॉटलंडच्या किंवा इटलीच्या कोट्यात मोजला जाई. तो कॅनडाचा नागरिक असो वा नसो, रेषेवर प्रश्न एकच होता: जन्म कुठला? त्याच वर्षी सीमेवर गस्त घालणारे दलही स्थापन झाले.

तरी रोज ये-जा करणाऱ्यांचे काय, हा प्रश्न तीन वर्षे लोंबकळत राहिला. ते वसाहत करण्यास येत नव्हते. तेव्हा त्यांना व्यवसायासाठी तात्पुरते आलेले पाहुणे समजण्याचा रिवाज पडला. १ एप्रिल १९२७ रोजी वॉशिंग्टनहून ‘सर्वसाधारण आदेश क्रमांक ८६’ निघाला. सरकारी कारभाराची ज्यांना माहिती आहे त्यांना ठाऊकच आहे की माणसांची आयुष्ये कायद्यापेक्षा परिपत्रकांनी अधिक बदलतात. या आदेशाने ठरवले की सरहद्दीपलीकडे राहून अमेरिकेत नोकरी करणारा प्रत्येक जण यापुढे स्थायी आप्रवासी मानला जाईल आणि त्याने तसा व्हिसा घेतला पाहिजे. विंझर आणि त्याच्या शेजारच्या गावांतून हजारो माणसे डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांत जात. कॅनडात जन्मलेल्यांना व्हिसा मिळण्यासारखा होता. कॅनडात येऊन वसलेल्या युरोपियनांना आपापल्या मायदेशाच्या कोट्याची वाट पाहणे भाग पडले, आणि कारखाना त्यांची वाट पाहणार नव्हता.

या आदेशाविरुद्ध जो खटला गाजला तो डेट्रॉइटचा नव्हे, नायगाऱ्याचा. प्रसिद्ध धबधब्याच्या दोन्ही काठांना नायगारा फॉल्स याच नावाची दोन गावे आहेत, एक कॅनडात आणि एक अमेरिकेत. १ डिसेंबर १९२७ रोजी कॅनडातील गावचे दोन रहिवासी अमेरिकेच्या नाक्यावर कामासाठी आले व अडवले गेले. एक स्कॉटलंडमध्ये जन्मलेली सूत कातणारी स्त्री. ती १९२४ पासून कॅनडात राहत होती. दुसरा इटलीत जन्मलेला, पण कॅनडाचा नागरिक झालेला तरुण. तो अमेरिकेतील आपल्या जुन्या कामावर परत जाऊ पाहत होता. त्यांच्या वकिलांचे म्हणणे दुहेरी होते. एक, ही माणसे व्यवसायासाठी तात्पुरती येतात. दुसरे, १७९४ च्या जे तहाने दिलेला मोकळ्या ये-जाचा हक्क अजून जिवंत आहे. खालच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु ८ एप्रिल १९२९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिले ते असे की, कायद्यातील ‘व्यवसाय’ या शब्दात मजुरीसाठी दुसऱ्याच्या पदरी काम करणे येत नाही, आणि तहाचे ते कलम १८१२ च्या युद्धाने संपुष्टात आले.

व्यापारी आला तर तो पाहुणा, सूत कातणारी आली तर ती आप्रवासी! निकाल कायद्याच्या हेतूला धरूनच होता, कारण १९२४ चा कायदा मुळी देशातील मजुराचे रक्षण करण्यासाठी झाला, असे न्यायालयाने मानले. पण त्या स्त्रीचा दोष काय होता, याचे उत्तर निकालपत्रात शोधून सापडत नाही. ती पुलापलीकडे जन्मली असती तर प्रश्नच नव्हता. पुलाअलीकडे जन्मली असती तरी व्हिसा मिळाला असता. ती महासागरापलीकडे जन्मली होती.

याच जे तहावर त्याच काळात आणखी एक खटला चालला, आणि त्याचा शेवट मात्र वेगळा झाला. माँट्रियलजवळ सेंट लॉरेन्स नदीच्या काठी कानावाके नावाची मोहॉक लोकांची वसाहत आहे. १८८६ मध्ये तेथे रेल्वेचा पूल बांधला जात असताना या लोकांना प्रथम कामावर घेतले गेले आणि उंचावरील पोलादी तुळयांवर ते ज्या सहजतेने वावरत ती पाहून कंत्राटदार थक्क झाले. तेव्हापासून पोलाद जुळवणे ही त्या वसाहतीची जणू वंशपरंपरागत विद्या झाली. तिची किंमतही त्यांनी मोजली. २९ ऑगस्ट १९०७ रोजी बांधकाम चालू असलेला क्वेबेकचा पूल नदीत कोसळला, ७५ माणसे गेली आणि त्यांत तीसहून अधिक एकट्या कानावाकेची होती. म्हणतात की त्यानंतर वसाहतीतील स्त्रियांनी आग्रह धरला की सगळ्या पुरुषांनी पुन्हा कधी एकाच पुलावर काम करू नये. त्या आग्रहामुळे असो वा न्यूयॉर्कमध्ये आकाशाला भिडू लागलेल्या इमारतींच्या ओढीने असो, ही माणसे टोळ्या करून दक्षिणेस जाऊ लागली आणि ब्रुकलिनमध्ये त्यांची एक वस्तीच झाली.

पॉल डायबो हा त्यांपैकीच एक. फिलाडेल्फियात डेलावेअर नदीवरील पुलाच्या कामावर असताना १९२५ मध्ये त्याला बेकायदा परकीय म्हणून अटक झाली. त्याचे म्हणणे सरळ होते. सीमारेषा आखली गेली ती दोन गोऱ्या राष्ट्रांमध्ये; मोहॉक या रेषेच्या आधीपासून तेथे आहेत, आणि तहाने त्यांचा जाण्यायेण्याचा हक्क मान्य केलेला आहे. १९२७ मध्ये जिल्हा न्यायालयाने हे म्हणणे उचलून धरले, १९२८ मध्ये अपील न्यायालयानेही तेच केले. तेवढ्यावर न थांबता काँग्रेसने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कायदा करून कॅनडात जन्मलेल्या मूळ रहिवाशांना सीमा ओलांडण्याची मोकळीक दिली. ही वेळ त्यांच्या दैवाने साधली म्हणायची; कारण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तहाचे कलम मृत ठरवले, पण तोवर हक्क तहावरून उठून कायद्यात जाऊन बसला होता. १९५२ च्या कायद्याने त्याला निम्मे रक्त मूळ रहिवाशाचे असल्याची अट घातली. आजही या लोकांना अमेरिकेत राहण्यास किंवा नोकरी करण्यास कोणताच व्हिसा लागत नाही. उलट दिशेने मात्र कॅनडाने तहाची ही बाजू कधी मान्य केली नाही. एका मोहॉक गृहस्थाने अमेरिकेतून धुण्याचे यंत्र, शीतकपाट आणि तेलाची शेगडी जकात न भरता आणण्याचा हक्क सांगितला, तेव्हा १९५६ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. १९३० च्या मंदीत अध्यक्ष हूवर यांनी, जो सरकारवर भार होण्याचा संभव आहे त्याला व्हिसा देऊ नये, हा जुना नियम कडकपणे लावण्यास सांगितले आणि नव्वद वर्षे वाहणारा क्वेबेकचा ओघ जवळजवळ आटला. शिकलेल्यांची वाट तरीही उघडी होती. ऑंटारिओच्या शेतकरी घरातून आलेला आणि गेल्फच्या शेतकी महाविद्यालयात शिकलेला एक तरुण १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कलीला गेला, १९३७ मध्ये अमेरिकेचा नागरिक झाला आणि १९६१ मध्ये त्या देशाचा राजदूत म्हणून नवी दिल्लीस आला. अर्थशास्त्रज्ञ गॅलब्रेथ यांचे मूळ कॅनडातले, ही गोष्ट येथे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसऱ्या टोकाला क्वेबेकचे लाकूडतोडे मेन संस्थानाच्या जंगलांत हंगामी परवान्यांवर जात राहिले. आणि रोज ये-जा करणाऱ्यांसाठी १९२७ च्या आदेशातून एक कायदेशीर कल्पित निर्माण झाले: कागदावर अमेरिकेचा कायम रहिवासी, प्रत्यक्षात झोपायला कॅनडात. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कल्पिताला मान्यता दिली.

कॅनडात जन्मलेल्यांची कोट्याबाहेरची सवलत मात्र संपली. १९६५ च्या कायद्याने देशवार जुने कोटे मोडले, हे त्याचे मोठे पुण्य. पण त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धावर वर्षाला १,२०,००० ची मर्यादा १ जुलै १९६८ पासून घातली. शिवाय नोकरीसाठी येणाऱ्यामुळे अमेरिकन कामगाराचे नुकसान होत नाही, असे श्रमखात्याचे प्रमाणपत्र आवश्यक झाले. ज्या शेजाऱ्याला कधी रांगेत उभे राहावे लागले नव्हते तोही आता रांगेत आला.

मग दोन्ही सरकारांनी एक आडवाट काढली, आणि ती आप्रवासाच्या कायद्यातून नव्हे, व्यापाराच्या करारातून. २ जानेवारी १९८८ रोजी कॅनडा आणि अमेरिका यांच्यात मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९८९ पासून तो अमलात आला. माल सीमा ओलांडणार तर मालाबरोबर अभियंता, हिशेबनीस, सल्लागार यांनाही जावे लागणार, असा त्यामागचा विचार. म्हणून कराराला एक परिशिष्ट जोडून व्यवसायांची यादी दिली गेली. यादीतील व्यवसायाची पात्रता असलेल्या कॅनेडियन नागरिकाने नागरिकत्वाचा पुरावा, पदवी आणि अमेरिकन मालकाचे पत्र घेऊन सरळ नाक्यावर जावे. तेथील अधिकाऱ्याने कागद पाहून तिथल्या तिथे निर्णय द्यावा. ना दूतावासाच्या फेऱ्या, ना श्रमखात्याचे प्रमाणपत्र, ना वार्षिक मर्यादा. १९९४ मध्ये मेक्सिकोला घेऊन उत्तर अमेरिकेचा करार झाला तेव्हा या परवान्याला ‘टी. एन.’ हे नाव मिळाले. मेक्सिकोच्या नागरिकांना मात्र व्हिसाची अट राहिली आणि २००४ पर्यंत वर्षाला ५,५०० ची मर्यादाही. प्रारंभी एका वर्षाचा असलेला हा परवाना २००८ पासून तीन वर्षांचा झाला. २०२० च्या १ जुलैला जुन्या कराराच्या जागी नवा करार आला, तरी ही वाट जशीच्या तशी ठेवली गेली.

१८८५ चा कायदा येथे पुन्हा आठवतो. मालकाशी आधीच झालेला करार ही तेव्हा परत पाठवण्याची खूण होती. आता मालकाचे पत्र हीच आत जाण्याची किल्ली झाली, आणि ‘शोधीन कुठेतरी’ म्हणणारा परत जाऊ लागला. पण किल्ली सर्वांना मिळाली नाही. लॉवेलच्या मागावर बसणारी मुलगी, नायगाऱ्याची सूत कातणारी स्त्री, यांच्यासाठी त्या यादीत जागा नाही. सुतार नाही, वीजतंत्री नाही, मालमोटारीचा चालक नाही. एके काळी अशिक्षिताला मोकळी असलेली रेषा पदवीधराला मोकळी झाली व अशिक्षिताला मिटली, असेच म्हणावे लागते.

यादी वाचताना मौज वाटते. तीत साठांवर व्यवसाय आहेत. अभियंता, वास्तुविशारद, वकील, ग्रंथपाल, परिचारिका, भूमापक हे अपेक्षितच. पण मधमाश्यांचा शास्त्रज्ञ आहे, खगोलशास्त्रज्ञ आहे, हॉटेलचा व्यवस्थापक आहे, आणि नैसर्गिक आपत्तीनंतर विम्याच्या नुकसानीची पाहणी करणाराही आहे. वर्तमानपत्राचा बातमीदार नाही. डॉक्टर आहे, पण केवळ शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी. रुग्ण तपासण्यासाठी नव्हे. संगणकप्रणालीचा विश्लेषक आहे, पण संगणकाची आज्ञावली लिहिणारा नाही. यादीचा सांगाडा तयार झाला तेव्हा या व्यवसायाचा पसारा पुढे केवढा वाढेल याची कल्पना कुणाला असणार? यादी तीच राहिली आणि जग बदलले. मग जग यादीत बसवण्याचे काम नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या माथी आले. अर्थशास्त्रज्ञ या शब्दात बाजारपेठेचा अभ्यास करणारा किंवा वित्तविश्लेषक बसतो का, यावर वाद इतका माजला की २०१७ मध्ये तो बसत नाही असा खुलासा अमेरिकन खात्याला काढावा लागला. तोपर्यंत एकाच प्रकारचे कागद एका पुलावर स्वीकारले जात आणि दुसऱ्या पुलावर नाकारले जात. खिडकीमागे बसलेल्या माणसाची हेटाळणी करणे सोपे आहे. पण समोर रांग, हाती शब्दांची जुनी यादी आणि निर्णय काही मिनिटांत, अशा जागी बसून पाहावे.

याखेरीज इतर वाटाही आहेत. कंपनीच्या एका देशातील कचेरीतून दुसऱ्या देशातील कचेरीत बदली होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी १९७० पासून ‘एल’ वर्ग आहे. व्यापार किंवा गुंतवणूक करणाऱ्यांसाठी ‘ई’ वर्ग आहे. कॅनेडियनांना तो १९८९ च्या करारामुळे खुला झाला. विशेष शिक्षणाच्या नोकऱ्यांसाठी ‘एच-१ बी’ आहे, पण त्याला वार्षिक मर्यादा असल्याने कॅनेडियन माणूस शक्य तोवर टी. एन. च्याच वाटेने जातो. या वाटेतही खाचखळगे आहेत. परवाना कितीही वेळा नवा करून घेता येतो, परंतु प्रत्येक वेळी आपण कायमचे राहण्यास आलो नाही हे पटवावे लागते. पतीला किंवा पत्नीला बरोबर राहता येते, नोकरी करता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही सोय कॅनडाच्या नागरिकाला आहे, कॅनडात कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या परक्याला नाही.

येथे या इतिहासाचा धागा भारतीयांपर्यंत येऊन पोहोचतो. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन संस्थानातील बेलिंगहॅम गावी लाकडाच्या वखारींत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांना जमावाने हुसकून लावले, तेव्हा त्यांतील कित्येक सीमा ओलांडून व्हँकुव्हरकडे गेले. आणि पुढच्याच वर्षी कॅनडानेही मायदेशातून थेट, न थांबता आलेल्यांनाच प्रवेश, असा नियम करून भारतीयांना दार लावले. १९१७ मध्ये अमेरिकेने सगळा भारत आपल्या निषिद्ध पट्ट्यात घातला. १९४६ मध्ये ती बंदी उठली ती वर्षाला शंभर माणसांपुरती. दोन्ही दारे खऱ्या अर्थाने उघडली १९६० नंतर. कॅनडाने १९६२ मध्ये वंशाचा निकष सोडला आणि १९६७ मध्ये शिक्षण, वय, भाषा यांना गुण देण्याची पद्धत आणली. पुण्या-मुंबईचे अभियंते, प्राध्यापक आणि डॉक्टर टोरांटोत दिसू लागले ते त्यानंतर. त्यांनी नागरिकत्व घेतले, आणि कॅनेडियन नागरिक या नात्याने त्यांनाही नाक्यावरची ती सोय लाभली. पुण्यात जन्मलेला, टोरांटोचा नागरिक असलेला अभियंता मालकाचे पत्र दाखवून सकाळी सीमा ओलांडतो. त्याचा पुण्यातील वर्गबंधू त्याच नोकरीसाठी ‘एच-१ बी’ च्या सोडतीत आपले नाव निघण्याची वाट पाहत बसतो.

पण त्या अभियंत्याने अमेरिकेत कायम राहण्याचे ठरवले की हिशेब बदलतो. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या कायम वास्तव्याच्या परवान्यांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जाऊ नयेत, असा नियम १९९० च्या कायद्यापासून आहे, आणि हा देश नागरिकत्वावरून नव्हे, जन्मस्थानावरून ठरतो. त्यामुळे पारपत्र कॅनडाचे असूनही त्याचे नाव भारताच्या, म्हणजे कित्येक वर्षे लांबलेल्या, रांगेत लागते. त्याच्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या, हॅलिफॅक्सला जन्मलेल्या सहकाऱ्याची रांग कितीतरी आखूड असते. १९२७ साली त्या सूत कातणाऱ्या स्त्रीला नायगाऱ्याच्या पुलावर जो प्रश्न अडला होता तोच हा. कायद्याने एक पळवाट ठेवली आहे. पतिपत्नींपैकी एकाचे जन्मस्थान दुसऱ्याच्या उपयोगी पडते. तेव्हा पत्नी कॅनडात जन्मलेली असेल तर तिच्या देशाच्या रांगेत दोघांनाही उभे राहता येते. टोरांटोत जन्मलेल्या मुलाचे जन्मस्थान मात्र बापाच्या उपयोगी पडत नाही.